पेमाबाईचं बिनबियांचं संत्रं

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या पुढे माळाला लागून जो तांडा आहे, तिथे वसरामच्या पेमाबाईला कुणी सीताफळ देत नसे. द्यायला कुणाची ना नव्हती, पण दिलं की समोर बसून राहावं लागे. पेमाबाई फळ फोडायची, एकेक पाकळी दाबून बी बाहेर काढायची, बिया ओट्यावर मांडायची आणि उरलेला गर पुन्हा बोटांनी चाचपायची. हे सगळं होईपर्यंत गर काळा पडू लागलेला असे. मग ती वाटी आपल्या पोरीपुढे, निलमपुढे ठेवायची. निलम वाटीत पाहून म्हणायची, नको. फळ आणणारी बाई तोवर अवघडून उठलेली असे.

याला कारण होतं. निलम तीन वर्षांची असताना तिच्या घशात सीताफळाचं बी अडकलं होतं. पोरीचे डोळे पांढरे झाले. वसरामची आई नानीबाई तेव्हा भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनी उठली, नातीला पाय धरून उलटं केलं, पाठीत दोन धपाटे घातले. बी अंगणात पडलं. कोंबडीने ते टोचून पाहिलं आणि सोडून दिलं. निलम थोडी रडली आणि तिने उरलेलं सीताफळ मागितलं. नानीबाई पुन्हा चुलीपाशी गेली, कारण तव्यावरची भाकरी करपत होती. पेमाबाई मात्र दारात उभी होती ती तशीच उभी राहिली. पुढची बरीच वर्षं ती त्या दारातून हललीच नाही म्हटलं तरी चालेल.

चिंच घरात आली की आधी चिंचोके वेगळे. बोराचा गर सुरीने कापून बशीत. टरबुजाच्या फोडीला तर अशी भोकं पडायची की खाण्यासारखं थोडंच उरायचं. पेरूपुढे तिने हात टेकले. पेरू घरात बंद झाला, आणि पेरू विकणारा तांड्यात आला की निलमला आत बोलावलं जाई. वांग्याच्या भाजीतल्या बिया ती काढू लागली तेव्हा नानीबाई एवढंच म्हणाली, "ज्वारीचा दाना म्हंजे तरी काय असतंय? त्येला काहून सोडलं?"

पेमाबाईने यावर दोन दिवस विचार केला असावा. ज्वारी दळून येते, असं तिने तिसऱ्या दिवशी सांगितलं.

तिला वेडी समजायचं कारण नाही. बाकी सगळ्या बाबतीत ती तांड्यातल्या शहाण्या बायांपैकी होती. कापूस वेचायला तिच्याइतका हात कुणाचा चालत नसे, आणि भांडण सोडवायला लोक तिला बोलावत. फक्त पोर काही चावताना दिसली की तिचं उजव्या हाताचं बोट आपोआप वाकडं होई, घशात घालायला तयार.

त्याच सुमाराला वसरामने संत्र्याची बाग लावली. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, सगळे कागद परभणीला जात, आणि सरकार फळझाडं लावा म्हणून मागे लागलं होतं. वसरामने रिसोडकडच्या एका रोपवाल्याकडून कलमं आणली. त्या रोपवाल्याने जाता जाता सांगितलं की, फळ पिकलं की नाही हे रंगावर जाऊन ठरवू नका, आडवं कापून बी पाहा. बी पांढरं, टणक आणि टपोरं झालं असेल तरच बाग तोडा. वसराम हा एकदा ऐकलेली गोष्ट न बदलणारा माणूस होता. सासऱ्याने लग्नात सांगितलं होतं की म्हशीला पश्चिमेकडे तोंड करून बांधावं. त्याची म्हैस अजून तशीच उभी असे.

पाचव्या वर्षी बागेला चांगलं फळ लागलं. दिवाळीच्या पुढेमागे झाडं पिवळी-केशरी दिसू लागली. वसरामने फळं कापली, बिया पाहिल्या, समाधान झालं. हिंगोलीचा बागवान येऊन बाग बघून गेला आणि आठ दिवसांत माणसं लावून त्याने फळ उतरवलं. एक झाड तेवढं त्याने सोडलं. ते विहिरीच्या अंगाला होतं आणि त्याची फळं कैरीसारखी हिरवीगार होती.

वसरामने त्यातलं एक कापलं. आत बी नव्हतं.

"अजून बी भरलं न्हाई," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा एक कापलं. बी भरलेलं नव्हतं. मार्गशीर्ष गेला, पौष लागला. बी कुठेच दिसेना. वसराम घाईचा माणूस नव्हता, पण आता त्याची अडचण होऊ लागली. संत्र्याच्या बागेला थंडीत ताण द्यावा लागतो. म्हणजे पाणी तोडायचं, झाडं सुकू द्यायची, पानं गळू द्यायची. मग एकदम पाणी सोडलं की फुलं फुटतात आणि पुढच्या वर्षीचा बहार धरतो. सगळी बाग रिकामी होऊन ताणाला बसली होती, आणि हे एक झाड अंगावर फळं घेऊन उभं होतं. पाणी बंद झाल्यावर त्याची पानं वळली, फळं टपाटपा खाली पडू लागली. वसरामने ठरवलं की संक्रांत झाली की हे झाड तोडायचं आणि तिथे दुसरं लावायचं.

निलम तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेतून येताना ती विहिरीकडून आली आणि खाली पडलेलं एक संत्रं सोलून खायला लागली. पेमाबाई गोठ्यातून धावत आली, तिचं बोट वाटेतच वाकडं झालं होतं.

"थुक."

"काय थुकू?"

"बी."

निलमने तोंड उघडून दाखवलं. तोंडात काही नव्हतं, चेहरा मात्र आंबट झाला होता. पेमाबाईने तिच्या हातातलं उरलेलं संत्रं घेतलं, फोडी सुट्या केल्या आणि एकेक फोड सूर्यासमोर धरली. फोडीतून उजेड आरपार येत होता. तिने खालचं दुसरं फळ उचललं, तेही सोललं. मग तिसरं. निलम घरी जाऊन भाकरी खाऊन खेळायला गेली. दिवस मावळला तेव्हा पेमाबाई झाडाखाली सालींच्या ढिगात बसलेली होती, आणि वर अजून एक फळ पाहावं की काय असा तिचा विचार चालला होता.

रात्री तिने वसरामला सांगितलं की ते झाड तोडायचं नाही.

"काहून?"

"त्यात बी न्हाई."

"म्हनून तर तोडायचं हाय."

दोघांनाही आपलं बोलणं पुरेसं वाटत होतं. शेवटी असं ठरलं की झाड राहील, पण त्याच्यासाठी बागेचा ताण मोडायचा नाही. मोटारीचं पाणी मिळणार नाही. शेजारच्या झाडांच्या मुळाला ओल गेली तर बहार बिघडेल, तेव्हा पेमाबाईने काय करायचं ते घागरीने करावं. पेमाबाईने झाडाभोवती खोल आळं केलं, त्याला मातीचा बांध घातला आणि रोज विहिरीतून पाणी शेंदून घालू लागली. पाणी बांधाबाहेर पाझरत नाही ना, हे बघायला वसराम संध्याकाळी येऊन जमिनीला हात लावून जाई.

माघ सरता सरता त्या झाडाची फळं पिवळी पडली. फाल्गुनात, होळीची गाणी सुरू झाली तेव्हा, ती केशरी झाली. बाजारातली संत्री केव्हाच संपली होती, ऊन चटकत होतं, आणि विहिरीवर हे एक झाड लखलखत उभं होतं. होळीच्या दिवशी वसरामने एक फळ कापलं, दोन्ही अर्धे नीट पाहिले.

"अजून न्हाई," तो म्हणाला, आणि दोन्ही अर्धे खाल्ले.

असं मग दर वर्षी होऊ लागलं. बागवानाच्या कानावर गेल्यावर तो फाल्गुनात चौकशीला येई. उन्हाळ्याच्या तोंडाला संत्रं कुठे मिळत नाही, चार पैसे जास्त देतो म्हणे. वसराम त्याला सांगे की माल कच्चा आहे, बी भरलेलं नाही, कच्चा माल देऊन मी नाव घालवणार नाही. बागवान जाताना एक-दोन खाऊन जाई आणि पुढच्या वर्षी पुन्हा येई. झाडाची फळं तांडाच खाई. लहान लेकरांच्या आया टोपली घेऊन येत. वसराम प्रत्येकीला बजावत असे की कच्ची आहेत, पोट दुखलं तर मला सांगायचं नाही.

पेमाबाईला त्या दोन महिन्यांत झोप लागे. निलम झाडाखाली बसून हवी तेवढी खाई आणि आई तिच्याकडे पाठ करूनही उभी राहू शके. तरी अधूनमधून ती एखादी फोड उजेडाला धरून पाहायचीच. झाडावर तिचा विश्वास नव्हता असं नाही, पण झाडाचं मन बदललं तर काय, असा प्रश्न होता.

पुढे हिंगोलीचा जिल्हा झाला, तांड्यावर डांबरी रस्ता आला, आणि त्या भागातल्या संत्र्यांवर रोग आला. खोडातून डिंक वाहू लागला, शेंडे वाळू लागले. वसरामने एकेक ओळ काढून तिथे हळद लावली. शेवटी बागेतलं विहिरीजवळचं ते झाड राहिलं, तेही अर्धं वाळलेलं.

निलम तोवर अकरावीच्या वर्गात गेली होती, रोज एसटीने सेनगावला जात होती. तिने घरात सांगून टाकलं होतं की बारावी झाली की नांदेडला नर्सिंगला जाणार. वसरामची हरकत नव्हती. नानीबाई म्हणाली की घरात कुणीतरी पोरं उलटी करायला शिकलं पाहिजे, मी किती दिवस पुरणार. पेमाबाईने सरळ नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, "आदी झाड लागू दे."

झाड लागण्याचा आणि नांदेडचा काय संबंध, हे निलमने विचारून पाहिलं. पेमाबाईच्या डोक्यात तो साफ होता. वसतिगृहात कोण काय खायला देईल, कुणी पाहणार नाही. निदान वर्षातून एकदा, होळीला, पोरगी घरी येईल आणि धास्ती न घेता पोटभर काहीतरी खाईल, एवढी तरी सोय असली पाहिजे. झाड मेलं तर तीही गेली. तेव्हा झाड पुन्हा उभं राहिल्याशिवाय पोरगी घराबाहेर जाणार नाही.

बी नसलेल्या झाडाचं रोप बियांपासून होत नाही. त्यासाठी जंबेरी नावाच्या रानटी लिंबाची रोपं वाढवायची आणि चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे सालीसकट कोवळा कोंब, त्यांच्यावर बांधायचा. जंबेरीची रोपं मात्र बियांपासूनच होतात. पेमाबाईने पाटीभर जंबेरी मिळवली होती आणि अंगणात बसून त्यातल्या बिया काढल्या होत्या. इतक्या झपाट्याने आणि इतक्या स्वच्छ बिया तांड्यात दुसऱ्या कुणालाही काढता आल्या नसत्या. एकही बी तुटलं नव्हतं. त्या तिने स्वतः वाफ्यात पेरल्या, आणि दीड वर्षात रोपं पेन्सिलीएवढी जाड झाली होती.

वसरामचा चुलत भाऊ उत्तमसिंग पूर्वी रोपवाटिकेत कामाला होता. त्याने जानेवारीत येऊन डोळे बांधून दिले. सालीला चीर, चिरेत डोळा, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट. तीन आठवडे हात लावायचा नाही, असं सांगून तो गेला.

पेमाबाईने चौथ्या दिवशी पहिली पट्टी सोडली. डोळा हिरवा होता. तिने पट्टी परत बांधली. पाचव्या दिवशी तिने सगळ्या सोडून पाहिल्या, म्हणजे एखादा आत काळा पडला असेल तर वेळीच कळावं. मग ती एक दिवसाआड पाहू लागली. तीन आठवड्यांनी उत्तमसिंग आला तेव्हा सगळे डोळे वाळून सुपारीच्या फोलपटासारखे झाले होते. पट्ट्यांच्या गाठी आपल्या नाहीत हे त्याच्या लगेच लक्षात आलं.

"वहिनी, काहून सोडलं?"

"जित्ते हायत का पाह्यलं."

"होते," उत्तमसिंग म्हणाला.

ते वर्ष गेलं. पुढच्या जानेवारीपर्यंत जुन्या झाडाची एकच फांदी जिवंत उरली होती. उत्तमसिंगने तिच्यावरचे सगळे चांगले डोळे काढले, म्हणजे चुकलं तर पुन्हा काढायला काही राहिलं नाही. निलमची परीक्षा जवळ आली होती. ती पुस्तक घेऊन रोपांच्या वाफ्याशीच बसू लागली. वसरामने तिला तसं सांगितलं होतं, पेमाबाईला कळू न देता.

चार दिवस पेमाबाई वाफ्याकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी दुपारी ती आली, पहिल्या रोपाशी उकिडवी बसली आणि पट्टीच्या गाठीला नख लावलं.

"याडी, सोडू नको," निलम आईला म्हणाली.

"एकच पाहते."

"गेल्या साली एकच पाह्यलं होतं."

पेमाबाईने नख तसंच ठेवलं. निलमने पुस्तक मिटलं.

"मी सीताफळ खाते," ती म्हणाली.

पेमाबाईने मान वळवली.

"कवापासून?"

"तिसरीपासून. शाळंच्या मागं झाड हाय. बोरं खाते. जांभळं खाते. पेरू खाते."

"आन् बिया?"

"थुकते. पेरूच्या गिळते."

"थुकायला कोन शिकवलं?"

"ते शिकवाया लागतंय व्हय?"

पेमाबाईने मनात मोजायला घेतलं. तिसरीपासूनची सगळी वर्षं, त्यातली सगळी सीताफळं आणि प्रत्येक सीताफळातल्या बिया असा तो हिशेब मोठा होता. मग तिने विचारलं, कधी काही अडकलं होतं का.

"एकदा," निलम म्हणाली. "चुरमुरा."

"मग?"

"खोकले. गेलं."

चुरमुऱ्याचा विचार पेमाबाईने कधी केला नव्हता. त्यात काढण्यासारखं काही नसतं. तिने गाठीवरचं नख काढून घेतलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि घराकडे गेली. त्या रात्री ती कुणाशी बोलली नाही. वसरामला वाटलं की पट्ट्या सुटल्या; तो कंदील घेऊन वाफ्यावर जाऊन आला. गाठी उत्तमसिंगच्याच होत्या.

सकाळी पेमाबाई उत्तमसिंगच्या शेतावर गेली आणि ओच्यात एक पेरू घेऊन आली. चांगला पिवळा, पिकलेला. तिने तो कापला नाही. निलमपुढे जसाच्या तसा ठेवला आणि स्वतः चुलीकडे तोंड करून, पोरीकडे पाठ करून बसली.

निलमने आजीकडे पाहिलं. नानीबाईने मान हलवली, खा म्हणून, आणि सवयीने आपले हात मोकळे करून ठेवले.

मागून पेरू चावल्याचा आवाज आला. मग बिया दाताखाली कराकरा वाजल्या. पेमाबाईने चुलीतलं एक लाकूड आत सारलं, पुन्हा बाहेर ओढलं, पुन्हा आत सारलं. तिचं बोट वाकडं झालं होतं, ते तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवलं. पेरू मोठा होता. तो संपायला फार वेळ लागला.

"झाला?"

"झाला."

"हात धू," पेमाबाई म्हणाली.

डोळे त्या वर्षी लागले. सगळे नाही, पण पुरेसे. पण निलमचं जाणं त्याच्या आधीच ठरलं होतं. उत्तमसिंग पट्ट्या सोडायला आला तेव्हा पेमाबाई पोरीच्या जाण्यासाठी ट्रंक पुसत बसली होती आणि पाहायला उठलीसुद्धा नाही. जुनं झाड त्या उन्हाळ्यात वाळलं. पावसाळ्यात निलम नांदेडला गेली आणि नवी कलमं बांधाच्या कडेने जमिनीत गेली. पुसेगावच्या फोनवरून पेमाबाई आठवड्याला एकदा बोलायची. काय खाल्लं, एवढंच विचारायची. निलम सांगायची, आणि पेमाबाई बरं म्हणून फोन ठेवायची. पहिल्या वर्षी ती फोन ठेवल्यावर थोडा वेळ तिथल्या बाकावर बसून राही. नंतर बसेनाशी झाली.

चार-पाच वर्षांनी कलमांना बऱ्यापैकी फळ आलं. निलम तेव्हा कळमनुरीकडे दवाखान्यात कामाला लागली होती. होळीला तिला सुट्टी नव्हती. वसरामने एक फळ कापून पाहिलं आणि अजून न्हाई म्हणाला. पेमाबाईने तोवर दोन पाट्या भरल्या होत्या. तांड्यातली लेकरं खाऊनही फळं उरत होती, आणि ती कच्ची आहेत हे ऐकायला ती थांबली नाही. जीपमध्ये पाट्या टाकून ती हिंगोलीच्या बाजारात गेली आणि टरबूजवाल्यांच्या ओळीच्या शेवटी पोतं टाकून बसली.

ऐन उन्हात संत्री पाहून माणसं थांबत होती. एक नोकरीवाली बाई, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, पुढे येऊन वाकली.

"या दिवसांत संत्री? गोड आहेत का?"

"बी न्हाई," पेमाबाई म्हणाली. "एक पन न्हाई. फोडून पाहा."

"बी नसेल हो. गोड आहेत का, ते सांगा."

पेमाबाई सांगायला गेली आणि थांबली. झाड लागल्यापासून ती त्या फळापाशी होती. पाणी शेंदलं होतं, साली काढल्या होत्या, उजेडाला धरल्या त्या फोडींची तर गणतीच नव्हती. पाहिलेली फोड निलमच्या हातात जायची, निलम नसली तर दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या. तिने पाटीतलं एक संत्रं उचललं, सोललं, त्यातली एक फोड काढली आणि उजेडाला न धरता तोंडात टाकली.

बाई वाट पाहत उभी होती. पेमाबाईने दुसरी फोड टाकली. मग तिसरी.

"सांगताय ना?"

"थांबा जरा," पेमाबाई म्हणाली. "खाऊन राहिले."